सुट्टीत एका घरात चार वाचक : कुणाच्या हातात कोणतं पुस्तक द्यावं?

केतकीचं_बन

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

मे महिन्यात साताऱ्याच्या घरी आम्ही सगळे तीन आठवडे एकत्र असणार आहोत. आई ७६ वर्षांची. एकेकाळी वाचनालयाची दोन कार्डं एकटी पुरवायची, पण आता बारीक टाइप दहा मिनिटांच्या वर वाचवत नाही. भाचा १४ वर्षांचा, इंग्रजी माध्यमातला. मराठी वाचतो, पण अडखळत, आणि "मराठीत सगळं रडकं असतं" हे त्याचं ठाम मत. मुलगी ७ वर्षांची, जोडाक्षर आलं की गाडी थांबते. नवरा कॉलेजात असताना रहस्यकथांचा फडशा पाडायचा, गेल्या पाच वर्षांत व्हॉट्सअ‍ॅपशिवाय काही वाचलेलं नाही.

मला एक खोकं भरून पुस्तकं न्यायची आहेत. बजेट ३००० रुपये. 'वय ५ ते ८', 'वय ९ ते १२' अशा याद्या जालावर ढिगानं आहेत, त्या नकोत. तुम्ही स्वतः कुणाच्या तरी हातात दिलेलं पुस्तक सांगा. वाचलं गेलं असेल तर का, आणि न वाचता परत आलं असेल तर कुठे अडलं, तेही लिहा.

माझं मत आधीच मांडून ठेवते. पुस्तक वय बघून देऊ नये, माणूस बघून द्यावं. मला दहाव्या वर्षी आजोबांच्या कपाटात गोडसे भटजींचं 'माझा प्रवास' सापडलं. वरसईहून दक्षिणा मिळवायला निघालेला एक भिक्षुक १८५७ च्या बंडाच्या धामधुमीत सापडतो आणि झाशीच्या वेढ्यात अडकतो. निम्मं कळलं नाही. पण त्या दिवशी जेवायला तीन हाका माराव्या लागल्या होत्या. "हे तुझ्या वयाचं नाही" म्हणून कुणी ते काढून घेतलं असतं तर मी आज वाचत असते का, कोण जाणे.

पानगळ

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच प्रश्न आहे, फक्त भाचे दोन आहेत.

ग्रंथपाल_काका

केतकीताई, तालुक्याच्या वाचनालयात ३१ वर्षं काढली, त्यामुळे थोडं विस्तारानं लिहितो.

तुमचं मत मला निम्मं पटतं. विषयाला वय नसतं, हे खरंच. मरण, भूक, भांडण यातलं मुलांना सगळं कळतं. पण टाइपाला आणि ओळीच्या लांबीला वय असतं. सात वर्षांच्या मुलीच्या हातात गच्च छापलेलं पान दिलंत तर गोष्ट कितीही चांगली असो, ती तिसऱ्या ओळीवर खिडकीबाहेर बघायला लागेल. आणि तेच तुमच्या आईंचंही आहे. दोघींना एकाच कारणासाठी मोठा टाइप लागतो, हे घरातल्यांच्या लक्षात येत नाही.

मुलीसाठी माधुरी पुरंदरे. 'राधाचं घर' आणि 'बाबांच्या मिशा' घ्या. त्यांची चित्रंही त्यांचीच असतात आणि ती नुसती शोभेला नसतात. मजकुरात नसलेल्या गोष्टी चित्रात चाललेल्या असतात. मूल वाचता वाचता थांबून चित्रात बोट घालून काहीतरी शोधायला लागलं तर "पुढे वाच" म्हणू नका, ते वाचतच असतं. आणि जोडाक्षराला अडली की लगेच सांगून मोकळं व्हा. अडकवून ठेवलेलं मूल पुस्तकाकडे परत येत नाही, हे मी काउंटरवर बसून शेकडो वेळा पाहिलंय.

थोडे पैसे उरले तर त्यांनीच संपादित केलेलं 'वाचू आनंदे'. बालगटाचे दोन भाग आणि कुमारगटाचे दोन. मराठीतल्या मोठ्या लेखकांचे उतारे, कविता, आणि त्यांच्या शेजारी चित्रकारांची चित्रं. कुमारगटातला एक भाग भाच्याच्या वाटेत सहज पडलेला असू द्या. हातात देऊ नका.

शेतबांध

काकांना अनुमोदन.

भाच्यासाठी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो, मराठवाड्यात. सातवीच्या वर्गाला रोज शेवटच्या तासाला दहा-बारा पानं वाचून दाखवली. निम्म्या पोरांच्या घरी शेरडं-मेंढरं. धनगरांच्या वस्तीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा कशीबशी भरवतो, गाव मिळून तालीम बांधतं, हे सगळं पोरांना इतकं ओळखीचं वाटलं की ती मलाच मधे थांबवून सांगायची, "गुर्जी, आमच्या आज्यानं बी असंच केलतं." शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी उठून जाते, ती पानं वाचली त्या दिवशी वर्गात कुणी बोललं नाही. आमच्या गावात तेव्हा टँकर चालू होता.

१९५५ चं पुस्तक आहे. छोटं आहे, वाक्यं छोटी आहेत, एकही शब्द मिरवायला आलेला नाही. अडखळत वाचणाऱ्याला माडगूळकरांसारखा लेखक नाही.

कर्णफुलं

१४ वर्षांचा मुलगा आणि अजून कुणी शिवाजी सावंतांचं 'मृत्युंजय' म्हटलं नाही? मी आठवीच्या सुट्टीत तीनदा वाचलं. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, कृष्ण, प्रत्येक जण आपापल्या तोंडून सांगतो. तोपर्यंत मला माहीतच नव्हतं की एकच गोष्ट इतक्या बाजूंनी सांगता येते. त्या सुट्टीनंतर मी वाचणारी झाले. जाडी बघून घाबरू नका.

तर्कटी

कर्णफुलं, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण इथे मला अडवावंसं वाटतं. 'मृत्युंजय' वाचून मोठी झालेली मंडळी चाळिशीतही कर्णावरून भांडतात, आणि आपण ज्याच्यासाठी भांडतोय तो व्यासांचा कर्ण नसून सावंतांचा आहे, हे त्यांच्या गावीही नसतं. मी त्यातलाच एक होतो. विशीत इरावती कर्व्यांचं 'युगान्त' वाचलं तेव्हा जमीन सरकली. महाभारताची भांडारकर संस्थेची संशोधित आवृत्ती समोर ठेवून बाई एकेका माणसाकडे बघतात. कर्णावरच्या लेखाचं नावच 'मी कोण?'. त्याचं दुःख त्या नाकारत नाहीत, पण भर सभेत द्रौपदीबद्दल तो काय बोलला तेही झाकत नाहीत. १४ व्या वर्षी हे वाचायला मिळालं असतं तर माझी काही वर्षं वाचली असती.

कर्णफुलं

तर्कटी, 'युगान्त' थोर आहेच, मीही वाचलंय. पण ज्या मुलाला कर्णाचा लळाच लागलेला नाही त्याला "तुझा कर्ण असा नव्हता" हे सांगून काय मिळणार? आधी प्रेम, मग चिकित्सा. उलट क्रमानं दोन्ही हातचं जातं.

शेतबांध

मधे पडतो. अडचण वेगळीच आहे. 'मृत्युंजय'ची भाषा संस्कृत वळणाची, वाक्यं लांब. इंग्रजी शाळेतलं, अडखळत वाचणारं पोरगं पन्नास पानांत दमेल. ते कुणी वाचून दाखवणारं असेल तर मात्र वेगळं. ऐकायला ती भाषा फार छान लागते.

ग्रंथपाल_काका

गंमत बघा, दोन्ही पुस्तकं १९६७ ची. आमच्या वाचनालयात पोरगं आधी 'मृत्युंजय' नेतं आणि दहा-बारा वर्षांनी, लग्नाबिग्नानंतर, येऊन 'युगान्त' मागतं. उलट्या क्रमानं नेणारा वाचक मला तरी आठवत नाही. तर्कटी, तुम्हीही त्याच वाटेनं गेलात की.

तर्कटी

खरं आहे काका, तसाच गेलो. तरीही माझ्या मुलीला मी 'युगान्त' लवकर देणार.

न्यूजर्सीची_आजी

मी थोडं वेगळं पुस्तक सांगते. 'रुचिरा'.

नातू इथे जन्मलेला, ९ वर्षांचा. रविवारच्या मराठी शाळेत जातो, पण गोष्टीचं पुस्तक दिलं की पाठ फिरवतो. त्याला शिरा आवडतो. एकदा माझे हात भरलेले होते, म्हटलं, बाळा, पुढचं वाचून दाखव. रवा, तूप, साखर, वेलदोडे. छोटे शब्द, आणि प्रत्येक शब्दाची वस्तू समोर ओट्यावर. "मंद आचेवर" म्हणजे काय ते त्यानं गॅसचं बटण फिरवून शिकलं. "खमंग" मला समजावून सांगता येईना, तेव्हा नाकाशी कढई नेली. आता त्याला अक्षरं येतात म्हणून तो वाचतो असं नाही, पुढे काय घालायचंय ते कळायला हवं म्हणून वाचतो. जोडाक्षरंही तिथेच सुटली. 'वेलची'ला अडायचा नाही, 'खोबऱ्या'ला अडायचा, आता तेही नाही.

कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० चं. माझ्या लग्नात आईनं दिलेली प्रत, पानांना हळदीचे डाग आहेत.

पानगळ

आजी, किती सुंदर! आमच्या घरी 'रुचिरा'वरून एकच वाद असतो, वाटी कोणती घ्यायची. सासूबाईंची वाटी आणि माझी वाटी यात अर्धा लाडू जातो.

मोगरा_५५

सगळ्याला एकच वाटी वापरली की प्रमाण चुकत नाही गं. म्हणूनच तर तराजू नसलेल्या घरांतून ते पुस्तक चाललं. दुर्गाबाई भागवतांचं 'खमंग' वाचलंय का कुणी? स्वयंपाकाचं पुस्तक असं वाटतच नाही, शेजारी बसून कुणी सांगतंय असं वाटतं.

न्यूजर्सीची_आजी

'खमंग' मागवते. आणि पानगळ, मोठी वाटी घ्यायची. लाडू उरला तर कुणी रडत नाही.

बेळगावचा_कुंदा

गोड पदार्थांवरून आलोच आहे तर प्रकाश नारायण संतांचा लंपन घेऊन येतो. 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा', 'झुंबर'. पहिलं तर घ्याच.

आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा. सीमाभागातलं गाव, कानडी-मराठी मिसळलेली बोली. आमच्या घरात माझे काका असंच बोलायचे आणि पुण्याच्या पाहुण्यांसमोर ते बोलणं आम्ही गिळायचो. ते शब्द छापलेले बघितले तेव्हा मी कॉलेजात होतो. पहिल्यांदा वाटलं की आपलं बोलणं पुस्तकात बसतं. संत कऱ्हाडला भूगर्भशास्त्र शिकवायचे आणि इंदिरा संतांचे चिरंजीव, हे मला नंतर कळलं.

हे मुलाचं पुस्तक नाही, मुलाबद्दलचं आहे. १४ व्या वर्षी काहींना ते संथ वाटतं. आईंना मात्र नक्की द्या, लंपनची आजी त्यांना ओळखीची वाटेल.

मोगरा_५५

इतके प्रतिसाद झाले आणि 'श्यामची आई' कुणीच घेतलं नाही? आमच्या लहानपणी पहिलं पुस्तक तेच असायचं.

दुपारचं_ऊन

मोगराताई, मीच बोलते, कारण माझ्याकडे ते न वाचता परत आलंय. मुलगा नऊ वर्षांचा असताना हातात दिलं. पोहायला जात नाही म्हणून आई श्यामला मारते, तिथे थांबला आणि विचारलं, "मारल्यावर मुलं चांगली होतात का?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानं पुस्तक कपाटात ठेवलं ते आजतागायत तिथेच आहे. मला स्वतःला त्या पुस्तकानं घडवलंय, म्हणून जास्त लागलं.

मोगरा_५५

वाईट वाटलं वाचून. पण मुलानं विचारलं ते बरोबरच विचारलं. तो प्रश्न पडणं म्हणजे त्यानं पुस्तक नीट वाचलं.

मी एक सुचवू? ते पुस्तक एकट्यानं वाचायचं नाहीच मुळी. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, आणि त्याची रचना 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी ४२ रात्रींची. श्याम मित्रांना बसून सांगतोय. एका रात्री एकच रात्र, तीही मोठ्यानं, आणि मग बोलायचं. मार पटत नाही तर "नाही पटत" म्हणायचं.

आणि मोठ्यांनी ते पुन्हा वाचावं. मी साठीनंतर वाचलं तेव्हा मला त्यात संस्कार कमी आणि कर्ज जास्त दिसलं. भरलेलं घर सावकारीत कसं खाली येतं, दारात माणसं येऊन उभी राहतात तेव्हा घरातली बाई काय गिळते. लहानपणी मी आईसाठी रडले होते. यावेळी वडिलांसाठीही रडले.

दुपारचं_ऊन

कर्जाच्या बाजूनं मी कधी बघितलंच नव्हतं. आज रात्री काढते कपाटातून. मुलगा आता तेरा वर्षांचा आहे, त्याला विचारून बघते.

रानभूल

विदर्भातून कोणीच नाही बोललं अजून, म्हणून लिहितो.

विलास मनोहरांचं 'नेगल'. हेमलकशाला आमट्यांकडे सांभाळलेल्या प्राण्यांचं पुस्तक. नेगल म्हणजे बिबट्या. हे मी घरात सगळ्यांना दिलं आहे, माझ्या नऊ वर्षांच्या पुतणीपासून तर बाबांपर्यंत, आणि एकानंही अर्धवट सोडलं नाही. कुठे उपदेश नाही. प्राणी प्राण्यासारखे वागतात, माणसं माणसासारखी, आणि मधल्या जागेत जीव अडकतो. "मराठीत सगळं रडकं" म्हणणाऱ्या पोराला हे द्या आणि बघा. रडेल तोही, पण ते रडणं वेगळं.

पुढचा टप्पा मारुती चितमपल्ली. आयुष्य वनखात्यात काढलेला माणूस, माडिया-गोंड आदिवासींकडून पक्ष्यांची नावं शिकलेला. 'रानवाटा'पासून सुरू करा. 'चकवाचांदण' हे आत्मचरित्र जाडजूड आहे, ते नंतर.

ध्रुवबाळ

भाच्याच्याच वयाचा होतो तेव्हा मला मिळालेलं पुस्तक सांगतो : जयंत नारळीकरांचं 'यक्षांची देणगी'.

आणि पुस्तक द्यायच्या आधी भाच्याला ही गोष्ट सांगा. नारळीकर जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ होते, तरी मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी पहिली विज्ञानकथा टोपणनावानं पाठवली. आपलं नाव बघून बक्षीस नको, म्हणून. अक्षर ओळखू नये म्हणून कथा मंगलाताईंकडून उतरवून घेतली. नाव घेतलं 'नारायण विनायक जगताप'. ज. वि. ना. उलटं केलं की ना. वि. ज. पहिला नंबर आला. ही कथा 'कृष्णविवर', १९७४ ची.

संग्रहात 'उजव्या सोंडेचा गणपती' आहे. सुरुवात क्रिकेटच्या कसोटीपासून होते, पुढचं सांगत नाही. मी ती वाचून आरशासमोर अर्धा तास उभा होतो. २०२५ च्या मे महिन्यात सर गेले त्या रात्री तीच कथा पुन्हा काढून वाचली.

खिडकीजवळ

नवऱ्यासाठी कुणीच काही सांगत नाही म्हणून. रहस्यकथावाल्यांना परत आणायचं तर रहस्यकथेनंच. सुहास शिरवळकर किंवा नारायण धारप. मोठं, गाजलेलं, पुरस्कारवालं काही देऊ नका, पहिल्या पानाला झोप लागेल. आमच्या घरी धारपांनी काम केलं. रात्री दिवा मालवायला दोघंही तयार नव्हतो.

आणि फेलुदा. सत्यजित रायांच्या या गुप्तहेराच्या गोष्टी अशोक जैनांनी मराठीत आणल्या आहेत, रोहनचे १२ भाग. पातळ पुस्तकं, एका बैठकीत संपतात. भाचा, नवरा दोघांनाही चालतील.

जुना_वाडा

बाबूराव अर्नाळकर! झुंजार, काळापहाड, धनंजय! हजारावर रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. आमच्या वडिलांनी दप्तरात लपवून वाचल्या, आम्ही वडिलांच्या पेटीतून चोरून वाचल्या.

अबोली_म्हापसा

गोव्यातून नमस्कार. जयवंत दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' घ्या. आरवलीची माणसं, तळकोकणातली. आमच्याकडे रात्री जेवणं झाल्यावर एक प्रकरण वाचतात आणि मामा सगळे आवाज काढतो. हसून हसून पोट दुखतं आणि प्रकरण संपताना एकदम सगळे गप्प होतात. चारही जणांसाठी एकच पुस्तक हवं असेल तर माझं मत याला.

निळी_शाई

एक प्रश्न. केतकी म्हणते वय बघू नये. मग भाच्याला दया पवारांचं 'बलुतं', म्हणजे दलित आत्मकथन, द्यावं का? मी सोळाव्या वर्षी वाचलं, दोन रात्री झोपले नाही. ते वाचलं हे बरंच झालं, पण जरा लवकर झालं असं आजही वाटतं. आणि दुसरीकडे, ज्या मुलांनी ते आयुष्य जगलं त्यांना कुणी वय विचारलं नव्हतं.

शेतबांध

शेवटचं वाक्य फार खरं. माझ्या वर्गात अशी पोरं आहेत ज्यांच्या आज्यांचं आयुष्य त्या पुस्तकांत आहे. त्यांच्यासाठी ते धक्का नाही, ओळख आहे. एका मुलीला मी ऊर्मिला पवारांचं 'आयदान' दिलं, नववीत होती. बांबूची आयदानं, म्हणजे सुपं-टोपल्या, विणणारी आई, रत्नागिरीकडचं गाव. तिनं परत करताना एवढंच म्हटलं, "माझी आई झाडू करते सर." पुढच्या आठवड्यात तिनं आईवर दोन पानं लिहून आणली.

शहरातल्या, सुखवस्तू घरातल्या मुलालाही द्यावं. पण देऊन निघून जाऊ नये. बाजूला बसावं, विचारेल ते सांगावं.

निळी_शाई

शेतबांध, तुमच्या वर्गात बसायला आवडलं असतं. 'आयदान' माझ्या यादीत घातलं.

केतकीचं_बन

केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे मनापासून आभार. काल अप्पा बळवंत चौकात जाऊन आले. खोक्यात आलेली : 'बनगरवाडी', 'नेगल', 'यक्षांची देणगी', 'वनवास', फेलुदाचे दोन भाग, धारपांचं एक, 'राधाचं घर', 'बाबांच्या मिशा'. 'सारे प्रवासी घडीचे' जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं. 'रुचिरा' आईकडे आहेच. 'मृत्युंजय' माझं लहानपणचं आहे, तेही टाकतेय, कर्णफुलंसाठी. 'युगान्त' पुढच्या पगाराला, तर्कटी रागावू नका.

आईला लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मोठ्यानं वाचून दाखवायचा विचार आहे. लक्ष्मीबाई बोलल्यासारखं लिहितात, ऐकायला छान लागेल.

ग्रंथपाल_काका

खोकं चांगलं भरलंय. आणि 'किशोर' मासिकाचे जुने अंक बालभारतीच्या संकेतस्थळावर मोफत आहेत, १९७१ पासूनचे. मुलीला एखाद्या दिवशी तुमच्या लहानपणचा अंक उघडून दाखवा.

केतकीचं_बन

(जूनचा दुसरा आठवडा) परत आलो, शाळा सुरू होतेय. जे झालं ते सांगते, कारण ठरवलं त्यातलं फारसं काही झालं नाही.

'स्मृतिचित्रे' मी उघडलं आणि आई म्हणाली, "तीनदा वाचलंय गं, मला पाठ आहे. ते बंगाल्याचं दे." तिनं फेलुदा उचलला! रोज सकाळी दहा मिनिटं स्वतः वाचायची. भाच्यानं आधीच तो चाळीस पानांवर सोडून दिला होता. चौथ्या दिवशी ऐन रंगात आईचे डोळे दुखायला लागले, घरात दुसरं कुणी नव्हतं, तर तिनं त्यालाच बसवलं. मी बाजारातून आले तर झोपाळ्यावर दोघं, तो वाचतोय, ती उच्चार सुधारतेय, आणि गुन्हेगार कोण यावर पैज लागलेली. आई हरली. दुसरा भाग त्यानं आपणहून आणला.

'नेगल' रानभूल म्हणाले तसंच झालं. दोन दिवसांत संपवलं, आणि तिसऱ्या दिवशी फारसं बोलला नाही. नारळीकरांच्या टोपणनावाची गोष्ट ऐकून त्यानं घरातल्या सगळ्यांची नावं उलटी केली. 'उजव्या सोंडेचा गणपती' फोनवर वडिलांना वाचून दाखवली, पाऊण तास. 'बनगरवाडी' निम्मी झालीय, पुण्याला घेऊन गेलाय. 'मृत्युंजय' नवऱ्यानं उचललं. हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. धारप तसेच पडून आहेत, तो रात्री एकपर्यंत कर्णाबरोबर. काल मला विचारत होता, ते दुसरं पुस्तक कोणतं म्हणाले होते तुझ्या धाग्यावर?

मुलगी 'बाबांच्या मिशा' रोज वाचायची, तेच तेच. आणि आजीबरोबर 'रुचिरा'. 'थालीपीठ' आता न अडता. काका, टाइपाबद्दल तुम्ही म्हणालात ते पूर्ण पटलं. 'वनवास' आईला मनापासून हवं होतं, पण बारीक छापलेलं, म्हणून तेवढं मी वाचून दाखवतेय. रोज फोनवर, रात्री साडेनऊला. लंपनची आजी बोलायला लागली की पलीकडून "अगदी, अगदी" असा आवाज येतो.

तर्कटी

तुमच्या नवऱ्यांना माझा नमस्कार सांगा. 'युगान्त' मी पाठवतो, पत्ता व्यक्तिगत निरोपात कळवा.

कर्णफुलं

आधी पूर्ण होऊ द्या हो त्यांचं!

बेळगावचा_कुंदा

साडेनऊचा फोन वाचून फार बरं वाटलं. पुढे 'शारदा संगीत' आहे.

दुपारचं_ऊन

आमची 'रात्र सतरावी' झाली काल. पोहण्याच्या प्रकरणावर मुलगा अजून भांडतो. भांडू देतेय.

केतकीचं_बन

काका, एक राहिलं. आईला फेलुदाचे बाकीचे भाग हवेत. सगळे विकत घेणं जमणार नाही. सातारच्या आसपास कुठे वाचायला मिळतील?

ग्रंथपाल_काका

आमच्याकडे नऊ आहेत, तीन कुणी नेले ते आणलेच नाहीत. साताऱ्याहून एसटीनं तासाभराचा रस्ता. पाऊस लागायच्या आत भाच्याला आजीबरोबर पाठवा, एका वेळी दोन मिळतात, मी चार देतो. येताना पेढे नकोत, त्या पैजेचं नीट सांगा म्हणावं.